धार रोडवरचा दगडकामाचा कारखाना आणि आईचा दगड

आईच्या नावाचा एक दगड अंगणात उभा करायचा, हे दादाचं आणि माझं तिच्या वर्षश्राद्धाच्या आधीच ठरलं होतं. तो उभा राहायला पुढे दीड वर्ष लागलं. मध्ये दोन ठिकाणं झाली. पहिल्या ठिकाणी पैसे गेले आणि मनस्ताप झाला. दुसऱ्या ठिकाणी काम झालं, आणि असं झालं की अजून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या दगडासमोर उभी राहते. इंदुरात कुणाला स्मृतिशिळा, समाधी, वृंदावन असं काही करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सांगते.

पहिल्या दुकानाचं नाव घेत नाही. काचेचं शोरूम, काळ्या ग्रॅनाइटच्या चकचकीत पाट्या, त्यांवर मशीनने उतरवलेले फोटो. फोटो आम्हाला नको होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "माताजी के लिए आशीर्वाद वाला हाथ है, बहुत चलता है." मला वाटलं अभयमुद्रा असेल, उघडा तळवा. नऊ हजार ॲडव्हान्स देऊन आले. तीन आठवड्यांनी पाटी बघायला गेले आणि पायांतलं त्राणच गेलं. कोपरात वाकवून वर उभा केलेला हात, मनगटापासून भरलेल्या बांगड्या, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. तो सतीचा हात होता.

माळव्यात, निमाडात, बुंदेलखंडात गावाच्या शिवेवर असे दगड दिसतात. बांगड्या भरलेला हात म्हणजे बाईचं सवाष्णपण चितेवरही मोडलं नाही. सूर्य-चंद्र म्हणजे ते आकाशात आहेत तोवर तिची कीर्ती राहील. आपल्याच मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यातल्या एरणला, इसवी सन ५१० चा लेख असलेला खांब आहे. गोपराज नावाचा वीर लढाईत पडला आणि त्याची बायको त्याच्यामागे चितेवर गेली, असं त्यात म्हटलंय. इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट खूण आहे ही. तिला 'आशीर्वाद' म्हणून विकायचं?

आणि कुणाच्या दगडावर? आई ३८ व्या वर्षी विधवा झाली. दादा चौदाचा, मी अकराची. बाबांच्या तेराव्यानंतर पंधरा दिवसांत तिने डबे सुरू केले. मेडिकलची आणि जीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं, सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस डबे, एकतीस वर्षं. तिने बांगड्या काढल्या त्या पोळ्या लाटताना पीठ अडकतं म्हणून, असं ती सांगायची, आणि त्यावर कुणी पुढे काही विचारायची हिंमत करत नसे. जगून दाखवलेल्या बाईच्या नावावर जळून गेलेल्या बाईचं चिन्ह! आणि तेही या शहरात. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून अडवलं, आणि त्याच अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवलं. त्यांची स्वतःची लेक मुक्ताबाई मात्र १७९१ मध्ये सती गेली, आईला तिला थांबवता आलं नाही. हे ज्या होळकरांच्या घरात घडलं त्यांच्या शहरातल्या दुकानदाराला तो हात कशाचा हे माहीत नसावं, याचं मला आजही वाईट वाटतं. मी ते सांगितलं तर उत्तर आलं, "मैडम, डिज़ाइन तो डिज़ाइन है." नऊ हजार सोडून दिले.

पुढचे सात-आठ महिने विषयच काढला नाही. मग एकदा माझ्या टपाल खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याने धार रोडवरच्या कारखान्याचा पत्ता दिला. त्याच्या घराच्या देवडीचा उंबरा तिथे झाला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पाटी नाही, समोर दगडांची रास आणि एक कडुलिंब. मालक आणि मुख्य कारागीर एकच, सत्तरीला आलेले गृहस्थ. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणतात, मीही तेच म्हणते. मराठी समजतं, बोलत नाहीत. मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणाले.

मी मोबाइलवर त्या ग्रॅनाइटच्या पाटीचा फोटो दाखवला. काय बिघडलंय ते सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला, बघितला, परत दिला आणि विचारलं, "माँ सती हुई थीं क्या?" त्याच क्षणी ठरवलं की काम इथेच करायचं.

शेडमध्ये मांडलेलं काम बघण्यासारखं आहे. मरणाच्या जितक्या भाषा माणसाने दगडात लिहिल्या तितक्या त्या एका छपराखाली दिसल्या. एका कोपऱ्यात देवळासाठी चामुंडा घडत होती: खपाटीला गेलेलं पोट, त्यावर विंचू, गळ्यात मुंडमाळ, खाली आसन म्हणून प्रेत. मिस्त्रीजी म्हणाले, मूर्तीत सगळ्यात अवघड तिच्या बरगड्या. जास्त खोल गेल्या तर सापळा होतो, उथळ राहिल्या तर बाई नुसती बारीक दिसते, आणि देवी भुकेली दिसली पाहिजे. पलीकडे पांढऱ्या संगमरवराच्या दोन कबरींच्या शिळा होत्या. एकीवर कलमदान, एकीवर सपाट पाटी. कलमदान पुरुषाचं, तख्ती बाईची, हे मला तिथे कळलं. जुन्या मकबऱ्यांत ते मी अनेकदा पाहिलं होतं आणि नक्षी म्हणून सोडून दिलं होतं.

दारापाशी वरून वेडावाकडा मोडलेला एक गोल खांब होता. मी म्हटलं, मिस्त्रीजी, हा वाहतुकीत तुटला वाटतं. ते म्हणाले, नाही ताई, तो तसाच घडवलाय. महूच्या एका ख्रिस्ती घराचा तेवीस वर्षांचा मुलगा गेला. अर्ध्यात संपलेलं आयुष्य म्हणून अर्धा खांब. इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानांत असे खांब असतात, कापडाने झाकलेले कलश असतात, उलट्या धरलेल्या मशाली असतात. तो मोडका काठ त्यांनी हाताने, टाकीने केला होता, ग्राइंडर लावलाच नव्हता. मी त्यावरून बोट फिरवलं. मोडलेपणा खरा वाटावा म्हणून चार दिवस घालवले होते त्यांनी.

आता आमच्या दगडाविषयी. आईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या देवळाच्या भिंतीला टेकून चार वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, आहेत. लहानपणी सुट्टीत गेलो की आई आम्हाला ते खालून वर वाचून दाखवायची. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेलेल्या गाई आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, सूर्य आणि चंद्र. माणूस ज्या कामात गेला ते काम खाली. मुंबईत बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर जहाजं कोरली आहेत, कारण ते वीर समुद्रावरच्या लढाईत पडले. मग दादा म्हणाला की आईची लढाई ओट्यापाशी झाली, तिचा वीरगळ का नको?

मिस्त्रीजींना वीरगळ हा शब्द नवा होता, पण फोटो पाहताच म्हणाले, "ये तो गाता है." झाबुआ-आलीराजपूरकडे भिलांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाने असा दगड रोवतात, त्यावर बहुधा घोडेस्वार असतो आणि वर सूर्य-चंद्र. त्यांच्या वडिलांनी असे बरेच केले होते. तरुण वयात गेलेल्या एका मुलाच्या गातावर त्यांनी स्वतः घोड्याच्या जागी मोटारसायकल कोरली होती, घरच्यांनी सांगितलं म्हणून. त्यामुळे डबे आणि शेगडी म्हटल्यावर त्यांना काही वावगं वाटलं नाही. फक्त विचारलं, डबा कितने खाने का? चार ताळी. कडी वरून की बाजूने? मी घरून आईचा एक जुना पितळी डबा नेऊन ठेवला. तो चार महिने तिथेच होता.

दगड काळा पाषाण निवडला. ग्रॅनाइट नको होतंच. लाल वालुकाश्म स्वस्त आणि कोरायला सोपा, पण पावसाने बारीक रेषा लवकर झिजतात असं त्यांचं मत. काळा दगड कठीण, वेळखाऊ, शिवाय त्यात हवेच्या पोकळ्या निघतात. त्यांनी राशीतल्या पाच-सहा शिळा हातोडीने ठोकून दाखवल्या. चांगल्या दगडाचा आवाज घंटेसारखा येतो, पोकळ असलेला 'बद्द' वाजतो. आमची पहिली शिळा छान वाजली होती तरी अर्धं काम झाल्यावर एका पोकळीशी तडकली. ती त्यांनी स्वखर्चाने बाजूला टाकली आणि नव्याने सुरुवात केली. एक पैसाही मागितला नाही.

मधल्या चौकटीत आम्ही अडकलो. अप्सरा आईला शोभल्या नसत्या. मी म्हटलं, नुसती पावलं कोरू. सांचीला गेलेल्यांनी पाहिलं असेल, तिथल्या जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात येतच नाही. रिकामं आसन येतं, झाड येतं, पावलं येतात, आणि त्याचं निर्वाण स्तूपाच्या आकाराने दाखवतात. आपल्याकडे समाधीवर पादुका असतात त्याही त्याच जातीच्या. माणूस होता, चालला, आता नाही. मिस्त्रीजींनी खडूने दोन पावलं काढली आणि थांबून म्हणाले, "ताई, पंजे किधर?"

मला प्रश्नच कळला नाही आधी. मग उलगडलं. लक्ष्मीची पावलं आपण उंबऱ्यातून आत येणारी काढतो. बोटं खालच्या चौकटीकडे केली तर आई परत ओट्याकडे चाललीय. बोटं वर केली तर आपल्याला सोडून गेली. त्या रात्री दादाशी फोनवर दीड तास बोलले. तो म्हणत होता खाली, येऊ दे तिला घरी. मी म्हणत होते वर. तिने एकतीस वर्षं उभ्याने काढली, तिला जाऊ दे. दोघंही रडलो. शेवटी बोटं वर झाली. डिझाइन तो डिझाइन है म्हणणाऱ्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारला नसता, आणि पावलं कुठल्या तरी दिशेला कोरून टाकली असती.

वरच्या चौकटीत विठ्ठल हवा होता. पहिल्या रेखाटनात त्यांनी बासरीवाला कृष्ण काढला. मी त्यांना पंढरीनाथच्या देवळात घेऊन गेले. ते गाभाऱ्याकडे तोंड करून पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले, मग स्वतःच कमरेवर हात ठेवून बघितले, कोपर किती बाहेर येतं ते. दगडातला विठ्ठल त्यामुळे खरा विठ्ठल झालाय. विटेसकट.

कीर्तिमुख ही त्यांची सूचना, आणि मी आधी नाही म्हणाले होते. आमच्या देवघरातल्या प्रभावळीवर ते सगळ्यात वर असतं. पण देवळाच्या उंबऱ्यावर ते खाली असतं हेही खरं. त्यांनी गोष्ट सांगितली ती अनेकांना माहीत असेल: शंकराच्या कोपातून एक महाभुकेला राक्षस जन्मला. ज्याला खायला तो निर्माण झाला त्याला शंकराने अभय दिलं. मग मी काय खाऊ म्हणाला, तर स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि नुसतं तोंड उरलं. शंकराने प्रसन्न होऊन त्याला कीर्तिमुख नाव दिलं आणि दारावर बसवलं. सगळ्यांना गिळणारा आणि शेवटी स्वतःलाही न सोडणारा काळ तो हाच. "भूखा है बेचारा," मिस्त्रीजी म्हणाले, "इसको नीचे रखो, अम्मा के चूल्हे के पास." माझ्याने पुढे काही बोलवलं नाही. आता ते शेगडीच्या खाली आहे, आ वासून.

एकदा त्यांना मी फोनवर रोमच्या सेंट पीटर चर्चमधली पोप सातव्या अलेक्झांडरची समाधी दाखवली. बर्निनी नावाच्या शिल्पकाराचं काम, १६७८ मध्ये पूर्ण झालेलं. लाल दगडाची जाड चादर घडवली आहे, आणि तिच्याखालून सोनेरी मुलाम्याचा काशाचा सांगाडा हात बाहेर काढून वाळूचं घड्याळ वर धरतो. मला वाटलं ते सांगाड्याकडे बघतील. त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं ते चादरीवर, आणि ती दगडाची आहे हे मला तीनदा विचारलं. शेडमधल्या सगळ्या पोरांना हाक मारून दाखवलं.

आता उणं ते सांगते. चार आठवडे म्हणाले होते, सतरा लागले. शिळा तडकली तेवढा उशीर मी धरत नाही, पण मधले दोन-तीन आठवडे फोनच उचलत नव्हते, मला दोन बस बदलून जावं लागलं. पक्कं बिल मागेपर्यंत मिळालं नाही. पाठीमागच्या बाजूला ग्राइंडरचे चरे तसेच आहेत. विठ्ठलापुढे हात जोडलेल्या बाईचा चेहरा संगमरवरी बाहुलीसारखा गोड झालाय, आईचं नाक असं नव्हतं. आणि एक गंभीर गोष्ट: वालुकाश्म कापणारी दोन मुलं तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करत होती. त्या धुळीत गारगोटीचा अंश जास्त, तो फुप्फुसात बसतो. आपल्याच मंदसौरला पाटीवरच्या लेखणीच्या कारखान्यांत सिलिकोसिसने घरंच्या घरं उद्ध्वस्त झालीत. मी मिस्त्रीजींना स्पष्ट बोलले. पुढच्या खेपेला मास्क दिसले, पाण्याची धार लावून कापणंही सुरू झालेलं दिसलं. तुम्ही गेलात तर तुम्हीही विचारा. गिऱ्हाइकाने विचारलं की फरक पडतो.

आणि अक्षरं! दगडावर नाव-तारीख काही घातलं नाही. आईचा रोजचा एक प्रश्न तेवढा घातला. रात्री ओटा धुवायच्या आधी ती दारात येऊन विचारायची, "सगळे जेवले का?" अक्षरं आखणाऱ्या पोराने आखलं, 'सगले जेवले का?' हिंदीत ळ नाही, त्याचा दोष नाही. पण मी त्या दिवशी गेले नसते तर ते कोरलं गेलं असतं आणि काळ्या दगडात खोडरबर चालत नाही. मी वहीच्या पानभर मोठा ळ काढून दिला. मिस्त्रीजींनी तो भिंतीवर चिकटवला, सगळ्यात आधी एका फुटक्या तुकड्यावर सहा वेळा कोरून बघितला, दोन्ही गाठी सारख्या भरेपर्यंत. तो तुकडा मी मागून घरी आणलाय. मराठी मजकूर असेल तर ळ, ऱ्या आणि अनुस्वार स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि कोरायच्या दिवशी तिथे बसा.

हिशेब: शिळा जमिनीच्या वर तीन फूट, खाली एक फूट गाडलेली, रुंदी दीड फूट, जाडी पाच इंच, वजन २०० किलोच्या आसपास. कोरीव कामासकट ४६,०००. टेम्पो आणि हमाली वेगळी, ती ३,५०० झाली. अर्धे आधी, अर्धे काम बघून. ग्रॅनाइटची पाटी याच्या निम्म्यात होते, ते खरं आहे.

काकूंचा विरोध होता. घराच्या दारात मेलेल्या माणसाचा दगड नको, दिवाणखान्यात फोटो लावा, हार घाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तो तुळशीच्या मागे, चाफ्याखाली बसवला, फाटकातून थेट दिसत नाही. अक्षय तृतीयेला काकू आल्या, जवळ जायला तयार नव्हत्या. मग चष्मा लावून लांबूनच खालची ओळ वाचली. जरा वेळाने स्वयंपाकघरात जाऊन पुरणपोळीचा एक घास केळीच्या पानावर घेऊन आल्या आणि शेगडीच्या चौकटीपुढे ठेवला.

देखभाल अशी काही नाही. वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हलका हात, शेंदूर किंवा रंग अजिबात लावायचा नाही असं मिस्त्रीजींनी बजावलंय. पावसाळ्यात कीर्तिमुखाच्या उघड्या तोंडात वाटीभर पाणी साचतं. ते पाहून त्यांनी बारीक भोक पाडून देतो म्हटलं, पैसे नकोत. मी नको म्हणाले. सकाळी बुलबुल येतात तिथे पाणी प्यायला.